वीतभर

आई पृथ्वीचा गोल मांडीत घेऊन बसली आहे,
कलिंगड पिकलंय का बघावं तसं
बोटांनी त्यावर टकटक करत.
माझ्या मुलीच्या शाळेचा गोल. आफ्रिकेवर डिंकाचा डाग.

मी फोनवरच सांगून टाकलं होतं,
सांतियागो ते ऑकलंड, नऊ हजार सहाशे साठ किलोमीटर.
माझं कामच ते. वीस वर्षं विमानतळावरच्या
एका बिनखिडकीच्या खोलीत
मी विमानांचे रस्ते आखतो.
आई म्हणाली, आकडा नको, दाखव.
दालकाउएच्या लोकरबाजारात तिनं
हातानं मोजल्याशिवाय कधी काही घेतलं नाही.

पिशवीतून तिनं करडा धागा काढला.
एक टोक सांतियागोवर, तिच्या अंगठ्याखाली,
दुसरं यास्नाच्या ऑकलंडवर, माझ्या.
ताणला, तर तो सरळ पश्चिमेला जाईना.
घसरला खाली, दक्षिणेकडे,
जिथे नुसता निळा रंग आणि एकही नाव नाही.
"हे वाकडं जातंय."
हेच सरळ आहे, आई. गोलावर सरळ असंच दिसतं.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
लहानपणी मी खोटं बोललो की पाहायची तसं.
मग धागा उचलून हाताला लावला,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. वीतभर.
"एवढंच? मग पोरगी सहा वर्षं आली का नाही?"

वेळेचं असं सांगितलं:
हवा शांत असती तर अकरा तास.
पण वारा समोरून येतो,
त्याला अडवायला तिथे जमीनच नाही.
त्याचा वाटा दोन तास. एकूण तेरा.
वारा म्हटल्यावर ती गप्प झाली.
तो तिच्या ओळखीचा.
त्यानंच बाबांची होडी नेली, चौदा ऑगस्टला,
आणि तीन दिवसांनी एक वल्हं आणून टाकलं.

"तेरा तास," सुयांकडे बघत म्हणाली,
"म्हणजे बाळाचा एक स्वेटर. एक बाही राहील.
ती तिथे बाळाला बघून."

तिकीट तिनंच सांगितलं: तेरा ऑगस्ट, रात्री साडेअकरा.
उतरायचं पंधराच्या पहाटे.
मी तारखेची रेघ समजावू लागलो तर हात वर केला.
"माहीत आहे. म्हणून तर तेरा.
एकवीस वर्षं ती चौदा तारीख दारात येऊन बसते.
यंदा बसू दे. घरात कुणी नाही."
थोड्या वेळानं: "आणि येताना?"
येताना एकच दिवस दोनदा.
"मग रविवारी निघते.
रविवार दोनदा आला तर कुणाचं काय बिघडतं?"

तेराच्या रात्री मी पाळी बदलून घेतली.
वजन, वारा, इंधन, वाटेत उतरायची वेळ आली तर कुठे.
दोनशे एकाहत्तर प्रवासी. त्यांतली एक सत्तेचाळीस किलोंची,
पण तक्ता सगळ्यांना सारखंच वजन देतो.
कप्तानानं विचारलं, जादा इंधन कशाला?
समोरचा वारा, म्हणालो. तेही खरंच होतं.

आमच्या कागदावर साऱ्या जगाची एकच वेळ चालते, ग्रीनिचची.
उड्डाण: चौदा, पहाटे साडेतीन.
उतरणं: चौदा, दुपारी साडेचार.
म्हणजे ती अख्खी चौदा तारखेतूनच जाणार होती,
मांडीवर लोकर घेऊन.
हे मी तिला सांगितलं नाही.

आणखी एक हिशेब केला, कुणी मागितला नव्हता तो.
विमान पश्चिमेला, रात्रही पश्चिमेला.
सूर्य मागून येत राहील, पण गाठणार नाही.
तेरा तास खिडकीत काळोख.
चौदा उजाडणारच नाही.

पडद्यावरचा हिरवा ठिपका किनारा सोडून
पाण्यावर गेला.
आता पट्टे सोडायला सांगितलं असेल.
पहिली ओळ, ऐंशी टाके.